नारळ परत नेणारे काका

पत्रकात 'सकाळी आठ वाजता डॉल्फिन दर्शन' असं छापलं होतं, आणि आठ वाजून वीस मिनिटं झाली तरी डॉल्फिन आला नव्हता. होडीत माझ्यासमोर कल्याणचे एक निवृत्त गृहस्थ मनगटावरचं घड्याळ पुढे धरून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं आणि त्यांचं काही बोलणं झालं होतं का?" 'त्यांचं' म्हणजे डॉल्फिनचं. मी म्हटलं, झालं होतं, पण सुट्टीच्या दिवसांत ते जरा उशिरा उठतात. गृहस्थांना ते पटलं. त्यांचा मुलगाही तसाच होता म्हणे.

असल्या प्रश्नांना मी बावीस वर्षं उत्तरं दिली. डोंबिवलीतल्या एका छोट्या सहल कंपनीत मी टूर मॅनेजर होते. परदेश आणि काश्मीर ही मोठ्या कंपन्यांची कामं. आमची धाव कोकण किनाऱ्यापर्यंत. एक बस, चाळीस माणसं, चार दिवस. टूर मॅनेजर या शब्दाला भुलू नका. बस सुटल्यापासून परत येईपर्यंत काहीही बिनसलं की सगळे ज्याच्याकडे बघतात, तो टूर मॅनेजर. खोलीतला गीझर चालत नाही, पोह्यांवर खोबरं कमी पडलंय, समुद्राला नेमकी ओहोटी आहे, हे सगळं माझ्यामुळे.

दिवाळीच्या सहली माझ्याकडे आल्या, कारण दिवाळीत घर सोडायला कंपनीत दुसरं कुणी तयार नसे. मी कल्याणच्या चाळीत वाढलेली, आमचं घर बौद्ध. आमचे मोठे सण एप्रिलात आणि दसऱ्याला. दिवाळीत शेजारून आलेला फराळ खायचा आणि आईने त्यातल्या करंजीला नावं ठेवायची, एवढाच आमचा सहभाग. मालकांनी विचारलं, कांबळे, दिवाळीत जाल का? मी म्हटलं, जाईन. तेव्हापासून दुसऱ्यांची दिवाळी नीट पार पाडणं हे माझं काम झालं. उटणं, रांगोळी, ओवाळणीचं ताट, सगळं मी विचारून विचारून शिकले आणि त्यात इतकी तरबेज झाले, की सासवा माझ्याकडे बोट दाखवून सुनांना शिकवायच्या. माझं आडनाव कळलं की काही जणींचं बोट हळूच खाली यायचं. मग जेवताना गरम पोळी हवी झाली की ते पुन्हा वर यायचं. मला राग यायचा, नाही असं नाही. पण त्याच बायका शेवटच्या दिवशी गळ्यात पडून रडायच्या, त्यामुळे तो धरून ठेवायला कधी जमलं नाही.

आमच्या धंद्यात आश्विन-कार्तिक म्हणजे खरा हंगाम. पाऊस गेलेला, समुद्र निवळलेला, होड्या पुन्हा मासेमारीला लागलेल्या, भात कापून खळ्यात आलेलं, आणि लांबून येणारे कुरव पक्षी किनाऱ्यावर उतरलेले. हे सगळं मी माइकवरून मोठ्या उत्साहाने सांगायचे. बसमधली मंडळी तेव्हा फराळ खात असायची. दिवाळीच्या सहलीत प्रत्येक घराचा एक डबा असतो, आणि प्रत्येकीला आपली चकली अख्ख्या बसला खाऊ घालायची असते. नको म्हटलं तर अपमान. माणगावपर्यंत माणूस पंचवीस घरच्या चकल्या खातो आणि महाडला माझ्याकडे पोटाची गोळी मागतो.

बाहेरच्यांना वाटतं, सहल म्हणजे हॉटेलं आणि जेवण. ते कुणीही करील. खरं काम सीटचा तक्ता करण्याचं. चाळीस माणसांत कोण कुणाशेजारी बसणार, हे मी सहलीच्या आठ दिवस आधी पेन्सिलने मांडत बसायचे. घोरणाऱ्याजवळ बहिरा हवा. राजकारणावर बोलणारे दोघे एका रांगेत नकोत. ज्यांना गाडी लागते ते पुढे, आणि ज्यांना 'आम्हाला गाडी लागते' असं म्हणायची सवय आहे, ते चौथ्या रांगेत. दुसरी गोष्ट, इकडचं तिकडे सांगायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका वहिनींचा निरोप मी त्यांच्या नणंदेला जसाच्या तसा पोचवला होता. पुढचे तीन दिवस त्या दोघी एकमेकींकडे मीठसुद्धा माझ्यामार्फत मागत होत्या. तेव्हा कानाला खडा लावला, की प्रवाशांच्या मनातलं आपल्याला कितीही कळलं तरी ते आपल्यापाशी ठेवायचं.

आणि मग भाऊबीज. ती माझीच कल्पना, त्यामुळे तिचं पापही माझंच.

आमची बस पाडव्याला निघायची. बायका पहाटे नवऱ्याला ओवाळून बसमध्ये चढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज वाटेत पडायची. एका वर्षी शहाडच्या एक बाई जेवताना रडायला लागल्या. आदल्या पावसाळ्यात त्यांचा भाऊ गेला होता. घरात बसवेना म्हणून सहलीला आल्या होत्या, आणि इथे समोर कुणीतरी भाऊबीजेची म्हणून खीर वाढली. मी आमच्या ड्रायव्हरला, शंकरला, स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या हातात ताट दिलं. शंकरने खिशातून गाडीच्या आरशाला लावायचं नवं झुंबर काढून ताटात घातली. बाई रडता रडता हसल्या. पुढच्या वर्षीपासून तो सहलीचा कार्यक्रमच झाला. पुरुषांच्या नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येक बाईने एक उचलायची, जो निघेल तो भाऊ. ओवाळणीत पैसे चालणार नाहीत, नारळच घालायचा. नारळ हॉटेलच्या वाडीतले मी आधीच काढून ठेवायचे. लोक माझं नाव विसरले, पण 'त्या भाऊबीजवाल्या मॅडम' म्हणून अजून फोन करतात.

तीन वर्षांपूर्वी सहलीच्या आधी मला प्राची नावाच्या मुलीचा फोन आला. तिची आई सुलभाताई टिटवाळ्याला एकटी राहायची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. प्राचीच्या ऑफिसात म्हात्रे नावाचा मुलगा होता, त्याचे वडीलही एकटे, ठाण्यात. दोन्ही मुलांनी मिळून बोलणं लावलं होतं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकच अट घातली होती, की हॉटेलात समोरासमोर बसून चहा पिणार नाही. या वयात ते शोभत नाही. त्यापेक्षा चार दिवस माणसांत राहून बघू, काही वाटलं तर वाटलं, नाहीतर आपापल्या घरी.

"फक्त जवळपास बसवा," प्राची म्हणाली. "आणि आईला कळू देऊ नका की मी तुम्हाला सांगितलंय. ती बसमधून उतरेल."

बघण्याचा कार्यक्रम, आणि तोसुद्धा माझ्या बसमध्ये. मला इतका आनंद झाला की मी तक्ता तीनदा खोडून काढला. शेवटी पाचव्या रांगेत दोघांना कडेच्या सीट दिल्या, मध्ये फक्त ये-जा करायची वाट. शेजारी बसवलं असतं तर दोघंही अवघडली असती.

म्हात्रे काका ठाण्याच्या खाडीकडच्या जुन्या गावातले. वाडवडील मिठागरावर राबलेले. आता त्या जमिनींवर टॉवर उभे आहेत आणि काका त्यातल्याच एका टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहतात. नोकरी मात्र त्यांनी जमिनीची खरेदीखतं नोंदवायच्या कचेरीत केली, आणि तिथली भाषा त्यांच्या अंगात मुरलेली. चहा हवा का विचारलं तर "हरकत नाही" म्हणायचे. फक्त फोनवर धाकट्या भावाशी बोलताना गावची बोली बाहेर यायची, मग 'मला'चं 'मना' व्हायचं. सुलभाताई त्यांच्या उलट. बोलक्या, आणि आवाज असा, की नुसतं "शंकर, जरा एसी कमी करा" म्हणाल्या तरी चार माणसं मागे वळून बघायची.

पहिल्या दिवशी पेणपर्यंत काही नाही. कोलाडला म्हात्रे काका म्हणाले, "पडदा ओढू का?" सुलभाताई म्हणाल्या, "राहू द्या." मी पुढच्या सीटवर मनातल्या मनात टाळी वाजवली. चिपळूणला जेवताना एकमेकांना ताक वाढून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर तर काका मीठ कसं पिकवतात ते सांगत होते. दिवाळी झाली की आमच्याकडे मिठागरांची बांधबंदिस्ती सुरू व्हायची, लहानपणी फटाक्यांपेक्षा त्याचीच घाई असायची, असं काहीसं. सुलभाताई चपला हातात घेऊन पाण्यातून चालत होत्या आणि मधूनमधून प्रश्न विचारत होत्या. मीठ या विषयावर एका बाईला इतके प्रश्न पडलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. मी प्राचीला मेसेज केला, प्रगती उत्तम.

आणि तिथेच मला आठवलं, आज संध्याकाळी भाऊबीज आहे.

चिठ्ठीत भलतंच काही निघायला नको म्हणून मी हुशारी केली. म्हात्रे काकांना सांगितलं, तुम्ही फोटो काढा. सुलभाताईंना सांगितलं, तुम्ही ताट धरा, तेलवात बघा. दोघांनीही इतक्या पटकन होकार दिला की मला हसू आलं. काकांच्या नावाची चिठ्ठी काढून टाकली, सुलभाताईंना उचलणाऱ्यांतून वगळलं आणि निश्चिंत झाले. इतकी वर्षं तक्ते करणाऱ्या बाईला एवढं साधं कळलं नाही, की एकोणीस बायका आणि एकोणीस पुरुषांतून एकेक काढला, तर शेवटी नेमके तेच दोघं उरतात.

मला कळलं नाही, पण देवधर काकूंना कळलं. काकू डोंबिवली पूर्वेच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांना जगात कुठेही काही सुटलेलं खपत नसे. हॉटेलात साबणाच्या वड्या मोजायच्या, कुणाला कमी मिळाली असेल तर काउंटरवर जाऊन भांडायच्या, आणि हे सगळं स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्यासाठी. अशी माणसं फार चांगली असतात. त्यांच्यापासून जपून राहावं लागतं.

गुहागरच्या किनाऱ्यावर, सूर्य पाण्यापासून हातभर वर असताना अठरा भावांना ओवाळून झालं. मी टाळ्या वाजवून आटोपतं घेत होते, तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या.

"थांबा. सुलभाताईंनी कुणालाच ओवाळलं नाही. आणि म्हात्र्यांना कुणी ओवाळलं नाही. दिवसभर दोघं बिचारे राबतायत. दोघंच उरलेत, चिठ्ठीचीसुद्धा गरज नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, उशीर होतोय. काकू म्हणाल्या, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, काकांना फोटो काढायचेत. एकाने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, दुसऱ्याने त्यांना खुर्चीत बसवलं, तिसऱ्याने डोक्यावर रुमाल ठेवला आणि चौथ्याने मांडीवर नारळ. सुलभाताईंच्या हातात ताट होतंच. त्या दोघांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. दोघांनाही वाटत होतं, मला काहीच ठाऊक नाही, आणि मी काही बोलले असते तर चाळीस माणसांसमोर त्यांचं सगळं उघडं पडलं असतं.

सुलभाताईंनी निरांजन लावलं. ते विझलं. वारा होताच, सगळे म्हणाले, होतं असं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. मग पुरुषमंडळी खांद्याला खांदा लावून भिंतीसारखी उभी राहिली. दोन छत्र्या उघडल्या. कुणीतरी शाल धरली. चाळीस माणसं घामाघूम होऊन त्या दोघांना बहीण-भाऊ करायला झटत होती. तिसऱ्यांदा ज्योत चांगली उभी राहिली, आणि मी ताटाला हात लावून अगदी जवळ उभी असल्यामुळे मला दिसलं, की सुलभाताईंनी पदर सावरायच्या निमित्ताने मान खाली घातली आणि हळूच फुंकर मारली.

मी मनात म्हटलं, सूर्य बुडेपर्यंत असंच चालू दे.

पण देवधर काकूंच्या पिशवीत बॅटरीचं निरांजन होतं. वारा असो, पाऊस असो, ते विझत नाही, असं त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवलं. त्याला फुंकून काही उपयोग नव्हता. सुलभाताईंनी ओवाळलं, चेहऱ्यावर काही न दाखवता, सरळ, तीन वेळा. मग बसमंडळींनी ठेका धरला, ओवाळणी, ओवाळणी.

म्हात्रे काकांनी मांडीवरचा नारळ उचलला. नारळाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मग उठले, नारळ दोन्ही तळव्यांत धरूनच सुलभाताईंना नमस्कार केला, आणि किनाऱ्यावरून चालू लागले. नारळ काखेत होता. ते सुरूच्या झाडांपर्यंत जाईतो आम्ही सगळे बघत होतो. शेवटी कुणीतरी म्हणालं, "अहो, नारळ घेऊन गेले."

तो नारळ हॉटेलचा होता, त्यांच्या खिशातलं काहीही जाणार नव्हतं. म्हणून तर लोक जास्त चिडले. ठाण्याच्या टॉवरमध्ये राहणारा माणूस, आणि फुकटचा नारळ सुटेना. त्या संध्याकाळपासून ते 'नारळवाले काका' झाले. सकाळी इडलीबरोबर चटणी आली, तर एकाने वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाला, काकांना आधी, त्यांना नारळ आवडतो. काका "हरकत नाही" म्हणाले आणि चटणी घेतली.

मला मात्र सुलभाताईंचं वाईट वाटत होतं. नाश्ता झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि पुढची सीट मागितली, मागे मळमळतं म्हणाल्या. आदल्या दोन दिवसांत त्यांना काही मळमळलं नव्हतं. मी काही विचारलं नाही, पण त्याच बोलल्या. "मॅडम, माणसाकडून माझ्या काही फार अपेक्षा नसतात हो. पण मान ठेवायला म्हणून तरी नारळ घालतो की नाही माणूस? चारचौघांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांवर गॉगल चढवला. मी त्यांना पहिल्या रांगेत आणलं. त्यांची पाचव्या रांगेतली जागा देवधर काकूंनी लगेच घेतली, कारण तिथे एसीची हवा बरोबर येते, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. प्राचीचा मेसेज आला, काय चाललंय? मी लिहिलं, समुद्र छान आहे.

धोपाव्याला बस फेरीबोटीवर चढते आणि खाडी ओलांडून दाभोळला उतरते. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, सगळे खाली उतरून कठड्याला उभे राहतात. म्हात्रे काका एका टोकाला एकटेच उभे होते. मला राग आवरला नाही. मी जाऊन सरळ म्हटलं, काका, माझ्या सहलीत पंधरा वर्षं भाऊबीज होते आहे, नारळ परत नेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. काय होतं एवढं त्या नारळात?

काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मॅडम, मी जन्मभर खरेदीखतं नोंदवली. सह्या झाल्या, साक्षीदार आले, फोटो काढले, तरी मोबदला पोचल्याशिवाय आम्ही व्यवहार पुरा धरत नव्हतो. ओवाळणं थांबवणं माझ्या हातात नव्हतं. नारळ तेवढा हातात होता."

मला समजायला वेळ लागला. भाऊबीजेचा कार्यक्रम इतकी वर्षं मी चालवत होते, पण ओवाळणी ताटात पडल्याशिवाय ती पुरी होत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. माझ्या लेखी नारळ म्हणजे कार्यक्रमाचं साहित्य. आणि हा माणूस चाळीस जणांकडून कंजूष म्हणवून घेत होता, चटणीची वाटी मुकाट्याने घेत होता, का, तर भाऊ व्हायचं नव्हतं म्हणून. मी म्हटलं, मग हे त्यांना सांगा ना.

"काय सांगू? त्यांनी तर शांतपणे ओवाळलं. आणि आज सीट बदलून घेतली. उत्तर मिळालं की मला."

ती फुंकर माझ्या जिभेवर आली होती. मी गिळली. मी पोचवलेला निरोप नुसती सारवासारव वाटला असता, आणि त्या बाईची ती फुंकर होती, माझी नव्हे. पण खरं सांगते, त्या फेरीबोटीवर मला माझ्या नियमाची चीड आली. दोघांची गोष्ट मला एकटीला पुरी ठाऊक होती, आणि त्या दोघांना आपापली अर्धीच. पुढचा दीड दिवस मी तशीच काढला. हर्णैला मासळीचा लिलाव दाखवताना मी पापलेटला सुरमई म्हणाले, असं शंकरने मला नंतर सांगितलं.

परतीच्या प्रवासात आमच्याकडे माइक फिरतो. प्रत्येकाने उभं राहून सहल कशी झाली ते सांगायचं. एरवी सुरुवात पहिल्या रांगेपासून होते. त्या दिवशी मी माइक शेवटच्या रांगेत नेऊन दिला आणि म्हटलं, यंदा मागून. एवढीच लबाडी मी केली. निरोप पोचवायचा नाही असा माझा नियम होता, माइक कुठून फिरवावा याबद्दल काही नियम नव्हता.

माणगाव मागे पडलं तेव्हा माइक पाचव्या रांगेत आला. देवधर काकू बोलल्या, माणसाने मन मोठं ठेवावं, या विषयावर, आणि बोलताना पूर्ण वेळ शेजारी बघत होत्या. टाळ्या पडल्या. त्या माइक थेट चौथ्या रांगेकडे देत होत्या, तो मी मध्येच धरला आणि म्हात्रे काकांपुढे केला. मागून कुणीतरी म्हणालं, काका, माइक परत द्या हं. बस हसली.

काका उभे राहिले. "माझ्यावर नारळाचा आक्षेप आहे," ते म्हणाले. "त्याबाबत खुलासा करतो. नारळ मी गुहागरलाच हॉटेलात परत जमा केला आहे. ओवाळणी ताटात घातली की भाऊबीज पुरी होते. ती पुरी होऊ नये, म्हणून घातली नाही." इथे ते थांबले. कचेरीतली भाषा संपली असावी. पुढच्या काचेकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "मना भाऊ व्हायचा नव्हता."

शंकरने गाडीचा वेग कमी केला, तोही ऐकत होता. देवधर काकूंचा हात चिवड्याच्या डब्यात होता, तो तिथेच राहिला. पहिल्या रांगेत सुलभाताई मागे न बघता बसून होत्या. मग त्यांनी नुसता हात वर केला. माइक मधल्या रांगा ओलांडत, हातोहात, त्यांच्यापर्यंत गेला.

"ते निरांजन वाऱ्याने विझत नव्हतं," सुलभाताई म्हणाल्या. तो टेलिफोनवरचा स्वच्छ आवाज, एक शब्द इकडेतिकडे नाही. "तिन्ही वेळा मी फुंकलं. चौथ्यांदा देवधर वहिनींनी बॅटरी आणली, तिथे माझं काही चाललं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, मला पुढे मळमळतंय. माझी मागची सीट मिळेल का?"

आधी शंकर हसला. मग अख्खी बस. देवधर काकूंना सगळं उमगायला आणखी थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून उठल्या, आणि चिवड्याचा डबा, उशी, पाण्याच्या दोन बाटल्या, बॅटरीचं निरांजन, असं एकेक गोळा करत पहिल्या रांगेत येऊन बसल्या. हल्ली त्या सगळीकडे सांगतात की हे लग्न त्यांनीच जमवलं. मी ते खोडून काढत नाही, थोडंफार खरंही आहे ते.

चिठ्ठ्यांचा कार्यक्रम मी त्यानंतर बंद केला. ज्यांना ओवाळायचं असेल त्यांनी आपला भाऊ आपण शोधावा. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सहलीची जाहिरात निघाल्यावर मी जुन्या प्रवाशांना फोन करत होते, तेव्हा सुलभाताईंनाही केला. म्हटलं, नेहमीप्रमाणे पाडव्याला सकाळी निघतोय, येताय ना?

"पाडव्याला नाही जमणार, मॅडम," त्या म्हणाल्या. "यंदा पाडव्याला मला घरी ओवाळायचं आहे."